पंपिंग 25 टक्के म्हणजे सगळं संपलं असं नाही

एकाने आपल्या रोज दारू पिणाऱ्या मामांबद्दल विचारलंय: 2डी इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) पंपिंग, म्हणजे दर ठोक्याला हृदय किती रक्त बाहेर ढकलतं ते, 25 टक्के आलं आणि 'आता दारू सोडून काय उपयोग?' असं मामा म्हणतात. उपयोग आहे, आणि भरपूर आहे. हृदयाचा स्नायू दुबळा होण्याच्या इतर बऱ्याच कारणांपेक्षा दारू हे कारण त्यातल्या त्यात बरं, कारण ते काढून टाकता येतं.

2015 मध्ये स्पेनमधल्या, दारूमुळे हृदय दुबळं झालेल्या 94 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. साधारण पाच वर्षांत ढोबळमानाने एक तृतीयांश लोकांचं हृदय सुधारलं, एक तृतीयांश होते तिथेच राहिले, उरलेले दगावले किंवा त्यांना हृदय बदलावं लागलं. ठोके अनियमित असलेल्यांचं आणि बीटा ब्लॉकर (हृदयावरचा ताण कमी करणाऱ्या गोळ्या) न घेणाऱ्यांचं जास्त बिघडलं. दारूचं प्रमाण अगदी कमी करणाऱ्यांनाही फायदा झाला म्हणे, पण रोजच्या क्वार्टरवाल्याचा 'फक्त एक पेग' किती दिवस टिकतो हे आपण सगळे जाणतो. (क्वार्टरमध्ये सुमारे 60 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. रोज 80 ग्रॅम, तेही पाचेक वर्षं, म्हणजे धोक्याची पातळी मानतात.)

एक मात्र करू नका: घरच्या घरी दारू एकदम बंद. रोज पिणाऱ्याला दोन-तीन दिवसांत भ्रम, झटके येऊ शकतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडवा, व्हिटॅमिन बी1 बद्दलही विचारा. हृदयाच्या गोळ्या चालू ठेवून काही महिन्यांनी पुन्हा इको करा.