हार्डडिस्क बदलताना विंडोज जशीच्या तशी उचलावी की नव्याने टाकावी?

धागाकर्ता, अमळनेर
माझं लग्नपत्रिकांचं डीटीपीचं दुकान आहे. मशीनमधली ५०० जीबीची हार्डडिस्क परवापासून टक्-टक् वाजतेय, फाइल उघडताना स्क्रीन अर्धा मिनिट अडकते. आखाजी (अक्षय्य तृतीया) तोंडावर आलीय, हातात बावीस पत्रिका आहेत. ४८० जीबीची एसएसडी (चिपवाली नवी डिस्क) आणलीय. मी म्हणतो, सरळ क्लोन करावं, म्हणजे जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल नवीवर. फॉन्ट, कोरल (डिझाइनचं सॉफ्टवेअर), प्रिंटरच्या रंगांची सेटिंग, सगळं बसलेलं आहे. बसलेली घडी मोडायची कशाला?

उत्तर, धुळे
मला हे पटत नाही भाऊ. डिस्क चांगली असेल तर क्लोन करा, पण तुमची आवाज करतेय. खराब सेक्टरवरची (डिस्कवरच्या बिघडलेल्या कप्प्यातली) फाइल अर्धी वाचली गेली तर नव्या डिस्कवरही अर्धीच उतरते, आणि ते कळतं महिन्याने. शिवाय विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. कामाच्या फाइली आणि फॉन्टचा फोल्डर काढून घ्या, बाकी नव्याने टाका. डिजिटल लायसन्स असेल तर ते मदरबोर्डशी जोडलेलं असतं, त्यामुळे त्याच मशीनवर तीच आवृत्ती पुन्हा आपोआप चालू होते.

उत्तर, भुसावळ
नव्याने टाका म्हणणं सोपं आहे. जुन्या मशीनला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) नसेल तर विंडोज ११ रीतसर बसतच नाही, म्हणजे फिरून १०च टाकायची. जुने फॉन्ट युनिकोडचे (सगळीकडे चालणाऱ्या एकाच अक्षरसंकेताचे) नसतात. एक जरी राहिला तरी 'चि. सौ. कां.' च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा नुसता चुरा दिसतो. मी हे गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना भोगलंय. ऐन लग्नसराईत क्लोनच करा. फक्त पहिल्यांदा चालू करताना जुन्या डिस्कची केबल काढून ठेवा. दोन्हींची सही (डिस्कचा ओळख क्रमांक) एकच असल्याने विंडोज एकीला ऑफलाइन टाकते.

उत्तर, धुळे
फॉन्टचं तुमचं खरं. पण आजारी डिस्कवरून थेट क्लोन नकोच, आणि चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करणारं साधन) तर अजिबात चालवू नका, तिच्यावर आणखी ताण येतो. लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून डीडीरेस्क्यू हा प्रोग्राम चालवा, कॉपी १ टीबीच्या वेगळ्या डिस्कवर घ्या. ते आधी चांगला भाग उचलतं, अडलेल्या जागा नोंदवून ठेवतं आणि त्यांच्याकडे शेवटी वळतं. मग त्या कॉपीवर काय ते करा. ५०० चं ४८० मध्ये मावायला सी पार्टिशन लहान करावं लागेल, तेही कॉपीवरच.

धागाकर्ता
स्मार्टमध्ये (डिस्क स्वतःच ठेवते त्या तब्येतीच्या नोंदीत) पाहिलं, पेंडिंग, म्हणजे वाचता न आलेले सेक्टर ३७ निघाले. धुळ्याच्या भाऊंचं ऐकून रात्री डीडीरेस्क्यू लावलं. दुकान तापलेलं, म्हणून कॅबिनेट उघडून टेबलफॅन डिस्कवर धरला. सकाळी न वाचलेला भाग १२ केबी राहिला होता. कॉपीवरून एसएसडी तयार केली, जुन्या पत्रिका उघडून पाहिल्या, अक्षरं जागेवर आहेत. तरीही माझं म्हणणं तेच, सराईत घडी मोडायची नाही. पण ते १२ केबी कुठल्या फाइलीत गेलेत हे शोधल्याशिवाय जुनी डिस्क भंगारात देणार नाही.