बोसनचं आडनाव दिमाकुलांगान: स्पॅनिश यादीतलं की त्याआधीचं?

बोटीवरचा

नमस्कार मंडळी. मी बल्क कॅरिअरवर (सुटा माल नेणाऱ्या जहाजावर) थर्ड मेट, म्हणजे डेकवरचा अधिकारी आहे. आमचा निम्म्याहून जास्त क्रू फिलिपिनो. क्रू लिस्ट काढली की रेयेस, सांतोस, गार्सिया, देला क्रूझ अशी आडनावं दिसतात आणि त्यात एकच वेगळं, आमच्या बोसनचं (डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाचं): दिमाकुलांगान. माणूस बातांगास प्रांतातला.

परवा रात्री मेसमध्ये आडनावांवर विषय निघाला. बोसन म्हणाला, आमचं नाव स्पॅनिश लोक यायच्या आधीपासूनचं, वडील तसं सांगायचे. बिकोलकडचा एक ऑइलर (इंजिनरूममधला खलाशी) ताडकन म्हणाला, काही आधीपासूनचं वगैरे नाही, सगळ्यांची आडनावं एका गव्हर्नरनं पुस्तकातून वाटली, आमच्या गावात तर सगळे एकाच अक्षराचे. बोसन पुढे बोललाच नाही. ताट उचलून गेला.

त्याच्या मुलीला शाळेत आपल्या घराण्यावर लिहायचं आहे, म्हणून त्याला हे जास्त लागलं. मी नवीन होतो तेव्हा या माणसानं मला मूरिंगचं, म्हणजे बोट धक्क्याला बांधायचं काम हाताला धरून शिकवलं. त्याला नीट काही सांगता आलं तर बरं वाटेल. कुणाला या विषयातली माहिती आहे का? आणि हे आडनाव इतकं क्वचित का दिसतं?

इंद्रायणी

मी बरीच वर्षं लॉस बान्योसला राहिले, नवरा तिथल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत होता. बातांगास तिथून जवळ, शेजारीपाजारी तिकडचे पुष्कळ. त्यामुळे हे वाचून लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

पुस्तक होतं, ते खरं आहे. गव्हर्नर जनरल नार्सिसो क्लावेरिया यानं २१ नोव्हेंबर १८४९ ला हुकूम काढला आणि आडनावांचा जाडजूड ‘कातालोगो’ तयार करवला, ६० हजारांच्या आसपास नावांचा. कारण कराचं आणि शिरगणतीचं. बाप्तिस्मा झालेले लोक संतांची नावंच आडनावासारखी लावायचे. सख्ख्या भावांची आडनावं वेगळी आणि गावभरच्या परक्या माणसांची एकच, असा प्रकार. करवसुली करणाऱ्याला कोण कुणाचा हे कळेना.

मग कातालोगोची पानं प्रांतांना गेली, तिथून गावोगावच्या पाद्र्यांकडे. प्रत्येक ‘काबेसा दे बारांगाय’, म्हणजे वाडीचा मुखिया, आपली कुटुंबं घेऊन हजर व्हायचा. घरातल्या कर्त्यानं वाट्याला आलेल्या पानावरचं एक नाव घ्यायचं, नाहीतर देतील ते घ्यायचं. शाळामास्तरांनाही ताकीद होती की मुलांनी एकमेकांना हजेरीपटावरच्या आडनावानंच ओळखावं. तुमच्या ऑइलरचं गावाबद्दलचं बोलणंही खोटं नाही. बिकोलमध्ये आल्बाय प्रांतात ओआस म्हणून गाव आहे, तिथे ‘आर’ अक्षराची आडनावं अजून घरोघरी सापडतात. ती पानं त्या गावाला गेली, एवढंच.

पण त्यावरून बोसनला गप्प करणं मला पटत नाही. कातालोगोत नुसती स्पॅनिश नावं नव्हती. झाडं, जनावरं, गावं, गुण यांचे देशी शब्दही त्यात भरले होते. दिमाकुलांगान हा शंभर टक्के तागालोग, म्हणजे तिकडच्या लोकांच्या भाषेतला शब्द आहे, ज्यात काही उणं करता येत नाही असा. बातांगासमध्ये ‘दिमा’नं सुरू होणारी आडनावं भरपूर आहेत, दिमायुगा, दिमाआनो वगैरे. हे शब्द कुठल्या स्पॅनिश कारकुनानं घडवलेले नाहीत.

आता ‘आधीपासूनचं’ म्हणजे काय ते बघू. स्पॅनिश यायच्या आधी तागालोग लोकांत पिढीजात आडनाव नव्हतंच. माणसाला एकच नाव असे, आणि मूल झालं की बाप पुष्कळदा मुलाच्या नावानं ओळखला जाई. १५८७-८८ मध्ये मनिलाजवळच्या तोंदोच्या सरदारांनी स्पॅनिशांविरुद्ध कट केला, त्यात लुईस आमानिकालाव होता. आमानिकालाव म्हणजे कालावचा बाप, आणि मुलगा कालावही त्या कटात होता. तेव्हा वडिलांनी सांगितलेलं नाव एखाद्या पूर्वजाचं स्वतःचं नाव म्हणून जुनं असू शकतं, आणि घराण्याचं आडनाव म्हणून ते नंतर कायम झालेलं असू शकतं.

हुकुमात एक सवलत होती, ती फार कमी लोकांना माहीत असते. चार पिढ्या एकच आडनाव चालवल्याचं जे कुटुंब दाखवू शकेल, त्याला ते ठेवता येत होतं. ‘देला क्रूझ’सारख्या सुळसुळाट झालेल्या नावांना मात्र ही सवलत नव्हती, तरी ते नाव आज देशात सगळ्यात जास्त आढळणाऱ्यांत आहे.

क्वचित का दिसतं, त्याचं उत्तरही वाटपातच आहे. एखादं नाव एकाच गावाला किंवा दोन-चार घरांना मिळालं, तर त्याचा विस्तार त्याच भागात होणार. देशाच्या हिशेबानं दुर्मीळ, आणि बातांगासच्या बाजारात उभं राहून हाक मारली तर चार जण वळून बघतील.

मडगांवकर

छान माहिती. गोव्यात असा यादीचा हुकूम नव्हता. बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्रीचं किंवा धर्मपित्याचं आडनाव मिळायचं, म्हणून फर्नांडिस, परेरा, डिसोझा. पुष्कळ घरांत आपण मूळचे कामत की प्रभू की नायक, हे अजून सांगतात. एक विचारायचं होतं: ज्यांची आडनावं गार्सिया किंवा मेंदोझा आहेत, त्यांचे पूर्वज स्पॅनिश होते का?

इंद्रायणी

बहुतेकांचे नाहीत. तिथे राहणारे स्पॅनिश लोक मोजकेच होते. १८२१ पर्यंत तर फिलिपिन्सचा कारभार मेक्सिकोमार्फत चालायचा. आडनाव फक्त कागद कुठून आला ते सांगतं. चिनी वंशाच्या घरांतही गंमत बघा, कोहुआंगको, तियांगको अशा नावांतला शेवटचा ‘को’ हा चीनच्या फुकियन प्रांतातल्या लोकांचा थोरल्या भावासाठीचा आदराचा शब्द आहे. माणसाचं नाव आदरार्थी जोडणीसकट आडनाव होऊन बसलं.

होसे रिझालचंच घ्या. लॉस बान्योसच्या शेजारच्या कालांबात १८६१ साली जन्म, घराण्याचं आडनाव मेर्कादो. १८७२ मध्ये पाद्रे बुर्गोसना बंडाच्या आरोपावरून मृत्युदंड दिला, थोरला भाऊ पासियानो त्यांचा निकटवर्ती, म्हणून धाकट्यानं शाळेत ‘रिझाल’ लावलं. देशाचा राष्ट्रपुरुष त्या दुसऱ्या आडनावानं ओळखला जातो.

बोटीवरचा

ताई, मनापासून आभार. आज सकाळी वॉच संपल्यावर बोसनला सगळं सांगितलं. चार पिढ्यांच्या सवलतीचं ऐकून त्याचा चेहरा उजळला. आता त्याला कागद हवा आहे. मुलीला पुरावा कुठे मिळेल? आणि त्याच्या आडनावाच्या स्पेलिंगमध्ये (Dimaculangan) ‘सी’ का? तागालोगमध्ये हल्ली ‘के’ लिहितात ना?

इंद्रायणी

‘सी’ जुन्या स्पॅनिश लिखाणातला. तागालोग लेखनात ‘के’ आणावा म्हणून खुद्द रिझालनं १८९० मध्ये लिहिलं होतं आणि पुढे तेच रूढ झालं, पण आडनावं कागदोपत्री जुन्या वळणातच राहिली. शोधताना मात्र दोन्ही स्पेलिंगं बघा. उच्चारात शेवटी ‘गा’ नाही, ‘वाङ्मय’मधला ङ आहे. तसं म्हणून बघा, बोसन खूश होईल.

पुरावा चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्यांत. मी शेजारच्या लोलाबरोबर (तिकडे आजीला लोला म्हणतात) बातांगासच्या एका चर्चमध्ये अशी वही बघितली आहे. कागद तपकिरी, कडा वाळवीनं कुरतडलेल्या, अक्षर मात्र वळणदार. १८४९ च्या आधीच्या नोंदींत एकाच आईबापाच्या मुलांना वेगवेगळ्या संतांची नावं, आणि १८५० नंतरच्या नोंदींत अचानक सगळी भावंडं एका आडनावाखाली. लोला त्या ओळीवर बोट ठेवून कितीतरी वेळ उभी होती. तिच्या आईनं ते आडनाव कधी सांगितलंच नव्हतं, कारण लोला लहान असतानाच ती वारली. फिलिपिन्समध्ये मधलं नाव आईच्या माहेरच्या आडनावाचं असतं. आपण वडिलांचं नाव मध्ये लावतो, ते आईकडचं. म्हणून बोसनच्या मधल्या नावावरून आजोळही शोधता येईल.

क्रम असा ठेवा: आधी नागरी नोंदणीचे दाखले स्टॅटिस्टिक्स ऑथॉरिटीकडून, आजोबांपर्यंत ते पुरतील. मग आजोबांच्या गावचं चर्च. दुसऱ्या महायुद्धात १९४५ ला मनिलात खूप दप्तर जळलं, पण गावोगावच्या बऱ्याच वह्यांची मायक्रोफिल्म झालेली आहे आणि फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर फुकट बघता येते. १८४९ च्या आधीच्या वहीत दिमाकुलांगान आडनाव म्हणून सापडलं, तर ऑइलरला ते पान दाखवा. आणि कातालोगोची १९७३ ची आवृत्ती राष्ट्रीय अभिलेखागारानं काढली आहे, तिच्यात ‘डी’ची पानंही मुलीला बघू द्या.

गाव कुठलं ते विचारून इथे लिहा. लिपा किंवा ताआलच्या बाजूचं असेल, तर कुठल्या चर्चला पत्र टाकायचं ते मी सांगते.