वाचनालयाच्या फळ्यावर नव्या सुपरहिरो अंकांची शिफारस कशी लिहावी?

दर्यापूरकर

नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या वाचनालयात आठवी-दहावीचे पोट्टे सुपरहिरोंचे नवे अंक मागून राहिले. कॉमिकसाठी महिन्याला १५०० रुपये मिळतात. दर महिन्याला बाहेरच्या फळ्यावर नव्या अंकांबद्दल सहा-सात ओळी लिहायचं ठरलं आहे. कोणता अंक का वाचावा हे पोरांना कळेल, आणि पुढचे पैसे कशावर घालायचे हे समितीलाही ठरवता येईल.

नेटवरची परीक्षणं अर्धी कथा सांगून टाकतात आणि शेवटी दहापैकी आठ गुण देऊन मोकळी होतात. त्यावरून घ्यायचं की नाही हे काही ठरत नाही. अंक वाचताना नेमकं काय पाहायचं? मालिका बरीच पुढे गेली असेल तर नव्या वाचकाला कुठून सुरू कर म्हणायचं? आणि सध्याच्यापैकी या वयाला काय चालेल? पोरांना इंग्रजी जमतं, पण हळूहळू.

शाईचौकट

भाऊ, अंक दोनदा वाचा. पहिल्यांदा सरळ, न थांबता. दुसऱ्यांदा संवादाच्या फुग्यांतला मजकूर सोडून फक्त चित्रं पाहा. मारामारीत कोण कुठे उभा आहे, ठोसा कुठून आला, पडणारा कोणीकडे पडला हे शब्दांशिवाय समजलं पाहिजे. नायक एका चौकटीत डावीकडून उजवीकडे धावतो आणि पुढच्याच चौकटीत काही कारण नसताना उलटा धावतो, तिथे वाचक अडखळतो. हा दोष मांडणीचा. पोरांना वाटतं आपल्यालाच कॉमिक वाचता येत नाही, म्हणून फळ्यावर हे स्पष्ट लिहा. 'चित्रं छान' या दोन शब्दांतून काहीच कळत नाही. 'गच्चीवरची मारामारी, पान ९ ते १३, एकही फुगा न वाचता समजते' असं लिहिलं की पोरगा ते पान काढून पाहतो.

अमेरिकन अंक बहुधा ३२ पानांचा असतो. त्यात कथा २० ते २२ पानं, बाकी जाहिराती. त्यातली १० पानं हाणामारीत गेली तरी तक्रार नको, पण हाणामारीनंतर काही बदललं का ते बघा. कोणी काही गमावलं, काही कळलं, कोणी बाजू बदलली? काहीच नसेल तर ती १० पानं भरतीची आहेत, आणि हे फळ्यावर आलंच पाहिजे.

धक्का कुठल्या पानावर ठेवला आहे तेही पाहा. अंक उघडला की उजवं पान आपोआप नजरेत येतं, म्हणून मोठा प्रसंग पान उलटल्यावर, डाव्या पानावर हवा. अधेमधे घुसलेल्या जाहिरातींनी ही जुळणी कधीकधी मोडते. अशा वेळी तोच प्रसंग पुढे पाच-सहा अंक मिळून निघणाऱ्या एकत्रित पुस्तकात जास्त भिडतो.

आतली श्रेयनामावली वाचल्याशिवाय लिहूच नका: लेखक, पेन्सिल, शाई, रंग, अक्षरलेखन. एकाच अंकात दोन-तीन चित्रकार दिसले तर बहुतेक वेळा मुदत गाठायला काम वाटून दिलेलं असतं, आणि चेहरे मध्येच बदलतात. पाहुणा चित्रकार म्हणजे वाईटच असं मात्र नाही. डीसी या प्रकाशकाच्या अॅब्सोल्यूट बॅटमॅन मालिकेचा चौथा अंक नेहमीच्या निक ड्रागोटाऐवजी गॅब्रिएल हर्नांडेझ वॉल्टाने काढला, पण अख्खा अंक त्याच्याच हातचा असल्याने खटकत नाही.

फळ्यावर वर नाव, क्रमांक, प्रकाशक, किंमत. मग कथा पहिल्या पाच पानांपर्यंतच सांगायची, त्यापुढे एक शब्द नाही. चित्रांबद्दल एक ओळ, पान क्रमांकासकट. कोणत्या वयाला चालेल ते. आणि शेवटी तीनपैकी एक निकाल: घ्या, पुस्तकासाठी थांबा, सोडा. गुण देऊ नका.

सुरुवातीच्या अंकाचं म्हणाल तर क्रमांकावर विसंबू नका. अमेझिंग स्पायडरमॅन २०१८, २०२२ आणि २०२५ मध्ये पुन्हा एकपासून सुरू झाला, म्हणजे 'अंक ३' म्हटलं तर कुठला? सालासकट लिहा. नवा लेखक जिथे आला तो अंक सहसा नव्या वाचकाला सोपा जातो.

अकोटवाला

वरचं सगळं पटलं. आता पैशाचं बोलू. सुटा अंक ३.९९ किंवा ४.९९ डॉलरचा. ४.९९ म्हणजे टपाल न धरता सव्वाचारशे-साडेचारशे रुपये. १५०० मध्ये तीन अंक येतील आणि तीन कथा अर्धवट राहतील. वाचनालयाने सुटे अंक घेऊच नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. पाच-सहा अंकांचं एकत्रित पुस्तक घ्या. परीक्षण सुट्या अंकांचं, खरेदी पुस्तकाची. मार्व्हल अनलिमिटेडवर (मार्व्हलची पैसे भरून ऑनलाइन वाचायची सेवा) नवे अंक छापील अंकानंतर साधारण तीन महिन्यांनी येतात, तिथे एकाने वाचून फळा लिहावा.

एका अंकावरून मालिकेचा निकाल देऊ नका. पहिला अंक सगळेच जीव ओतून काढतात. तिसऱ्या अंकापर्यंत चित्रकार टिकला का आणि खलनायकाला काय हवंय ते समजलं का, हे पाहून बोला.

शिफारस म्हणाल तर अल्टिमेट स्पायडरमॅन, जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेली. लेखक जोनाथन हिकमन, चित्रकार मार्को केकेटो. यात पीटर संसारी माणूस आहे, दोन लेकरं आहेत, आणि शक्ती त्याला मोठेपणी मिळते. मागचं काहीच माहीत नसलं तरी चालतं. चौथा अंक जवळपास अख्खा जेवणाच्या टेबलावर होतो. मारामारी शोधणारा पोरगा तिथे कंटाळेल, हे फळ्यावर आधीच सांगून द्या. मला तो अंक फार आवडतो.

अॅब्सोल्यूट वंडर वुमन, ऑक्टोबर २०२४ पासून, लेखिका केली थॉम्पसन. अॅमेझॉन या योद्ध्या स्त्रियांऐवजी नरकात सर्सी नावाच्या चेटकिणीने वाढवलेली डायना, म्हणजेच वंडर वुमन. चित्रकार हेडन शर्मनची पानांची मांडणी एवढी वेगळी आहे की मोबाईलवर चौकट-चौकट वाचली तर निम्मी मजा जाते. ही छापीलच घ्या.

अॅब्सोल्यूट बॅटमॅन जोरदार आहे, पण आठवीच्या पोरांना देऊ नका. पहिल्याच अंकात कुऱ्हाडीने हात तुटतो. दहावीच्या पुढे ठीक.

दर्यापूरकर

लय उपयोगी. पुस्तकं घ्यायचं समितीला सांगतो. दोन गोष्टी राहिल्या: हिंदीत काय घ्यावं? आणि वेगवेगळ्या मुखपृष्ठांचे अंक दिसतात, त्यात आत काही फरक असतो का?

ध्रुवतारा

मुखपृष्ठ वेगळं, आतली पानं तीच. दुकानदाराने ठरावीक प्रती उचलल्या की मिळणारी दुर्मीळ मुखपृष्ठं संग्राहकांसाठी असतात, वाचनालयाने साधंच घ्यावं. मागवताना एकच अंक दोनदा येणार नाही एवढं पाहा.

हिंदीत राज कॉमिक्स. नागराज १९८६ चा, सुपर कमांडो ध्रुव १९८७ चा, डोगा १९९२ चा. तुमच्या वयोगटाला ध्रुव. त्याच्याकडे अंगभूत अचाट शक्ती नाही. सर्कशीत शिकलेल्या कसरती, पट्ट्यातली साधनं आणि डोकं यांवर तो जिंकतो, त्यामुळे ध्रुवचे लेखक-चित्रकार अनुपम सिन्हांच्या मारामारीत युक्ती कुठे चालली ते चौकटीत दिसतं. शाईचौकटने सांगितलेली फुगे सोडून वाचायची परीक्षा यावर करून पाहा. डोगा रक्तपाताचा आहे, मोठ्यांच्या कपाटात ठेवा.

खरेदीत एक भानगड आहे. राज कॉमिक्सचे अंक आता मनोज, संजय आणि मनीष गुप्ता अशा तीन वेगळ्या नावांखाली येतात. बऱ्याच कथा अनेक भागांच्या असतात. मागवताना प्रकाशकाचं नाव, भाग क्रमांक आणि नवी कथा की जुन्याचं पुनर्मुद्रण, तिन्ही तपासा. फळ्यावर पुनर्मुद्रणाला 'नवा अंक' म्हणू नका.

इंग्रजीबद्दल एक. कॉमिकमधला मजकूर बहुतेक सगळा मोठ्या लिपीत (कॅपिटल अक्षरांत) असतो, म्हणून सवय नसलेल्या पोरांचा वेग पडतो. प्रत्येक पुस्तकाला दहा-बारा अवघड शब्दांची चिठ्ठी लावा. डीसीची २०२४ पासूनची ९.९९ डॉलरची छोटी पुस्तकं स्वस्त आणि कथेने पूर्ण असतात, पण पान साडेपाच बाय साडेआठ इंचाचं असल्याने अक्षर बारीक होतं. आधी एकच मागवून पोरांना वाचायला द्या.

अकोटवाला

पार्सलचं राहिलं. विक्रेत्याला सांगा, गुंडाळी करून पाठवू नका, कणा कायमचा वाकतो. दोन्ही बाजूंना पुठ्ठा हवा, एकाच्या रेघा उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या, म्हणजे पाकीट कुठूनच दुमडत नाही. आत प्लास्टिकची पिशवी पाहिजेच, पावसाळ्यात तर नक्कीच. आणि मे महिन्यात पुस्तकं पत्र्याच्या खोलीत ठेवू नका. गोंदाने चिकटवलेल्या पुस्तकाचा कणा उन्हाने मऊ होतो आणि पोरांनी उघडून ठेवलं की पानं सुटतात.