बार्बाडोसचा ‘क्रॉप ओव्हर’ उत्सव: आई आणि मुलीला घेऊन जावे का?

घोडबंदरकर (ठाणे) यांचा प्रश्न

नमस्कार. माझा धाकटा भाऊ नोकरीनिमित्त दोन वर्षांसाठी वेस्ट इंडीजमधल्या बार्बाडोस बेटावर गेला आहे आणि त्याने येत्या जुलै-ऑगस्टमध्ये मला, माझ्या ६८ वर्षांच्या आईला आणि ११ वर्षांच्या मुलीला तिकडे बोलावले आहे. त्या दिवसांत तिथे ‘क्रॉप ओव्हर’ नावाचा मोठा उत्सव असतो आणि बेट पाहायचे तर तेव्हाच पाहावे, असा त्याचा आग्रह आहे. मी मोबाइलवर काही चित्रफिती पाहिल्या. त्यांत पिसांचे मुकुट, अतिशय तोकडे पोशाख, ट्रकवर रचलेले भोंगे आणि त्यांच्यामागे नाचणारी गर्दी यांखेरीज फारसे काही दिसले नाही. आई शेजारी बसून पाहत होती. ती काही बोलली नाही, फक्त चष्मा काढून पदराने पुसत बसली.

दहीहंडीच्या दिवशी ठाण्यात राहणाऱ्या माणसाला गर्दीचे भय नसते, पण भोंग्यांचे असते. गेल्या वर्षी आमच्या इमारतीखालच्या आवाजामुळे आईला दोन रात्री झोप लागली नव्हती. म्हणून विचारते: हा उत्सव एवढाच आहे, की वयस्कर माणसाला आणि मुलांना रमता येईल असेही त्यात काही असते?

नेरुळवासी यांचा प्रतिसाद

मालवाहू जहाजावर अभियंता म्हणून काम करताना मी हा उत्सव दोनदा पाहिला आहे. तुम्ही चित्रफितींत जे पाहिलेत ते ‘ग्रँड कडूमेंट’, म्हणजे ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी निघणारी सांगतेची मिरवणूक. तेवढ्यावरून उत्सवाची पारख करणे म्हणजे केवळ विसर्जनाची रात्र पाहून गणेशोत्सवाविषयी मत बनवण्यासारखे आहे. कडूमेंट हा तिथल्या बोलीतला शब्द असून मोठी धामधूम असा त्याचा अर्थ होतो. लोक आधी पैसे भरून एखाद्या पथकात नाव नोंदवतात, पथकाकडून पोशाख आणि खाण्यापिण्याची सोय मिळते आणि मग दिवसभर ट्रकवरच्या संगीतामागे नाचत स्प्रिंग गार्डन हायवेपर्यंत जातात. आईंना तिथे नेऊ नका. शुक्रवारी रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालणाऱ्या ‘फोरडे मॉर्निंग’लाही नको, कारण त्यात अंगाला रंग आणि चिखल फासून अंधारात नाचायचे असते; आपल्या धुळवडीत आयुष्य गेलेल्यांनाच ते सोसवेल.

मुलीसाठी मात्र ‘ज्युनिअर कडूमेंट’ चुकवू नका. मुख्य मिरवणुकीच्या आधी, जुलैमध्ये, लहान मुलांची स्वतंत्र मिरवणूक निघते. फुलपाखरे, मासे, फळे, ऊस असे विषय घेऊन केलेले पोशाख घालून मुले चालतात आणि आईवडील पाण्याच्या बाटल्या घेऊन त्यांच्या बाजूने धावत असतात. मोठ्यांच्या मिरवणुकीपेक्षा ती मला अधिक आवडली होती.

आईंसाठी ‘ब्रिजटाउन मार्केट’ योग्य ठरेल. शेवटच्या आठवड्यात रस्त्याच्या कडेने हस्तकला, कपडे आणि खाद्यपदार्थांची रांगच्या रांग लागते. सकाळी लवकर गेल्यास निवांत फिरता येते. तिथे ‘टक बँड’ दिसला तर थांबा. एक मोठा ढोल, एक लहान ताशासारखा ड्रम आणि एक पत्र्याची बासरी, एवढ्यावर तो चालतो. त्याच्याबरोबर सोंगे असतात: अंगभर सुकी पाने किंवा चिंध्या ल्यालेला ‘शॅगी बेअर’, उंच काठ्यांवर चालणारा माणूस आणि कपड्यांत उशा कोंबून बाई झालेला पुरुष, ज्याला ‘मदर सॅली’ म्हणतात. माझे आजोळ रत्नागिरी जिल्ह्यातले आहे. शिमग्यातला संकासूर आणि खेळ्यांतली राधा पाहून मोठा झालेला मी त्या सोंगांसमोर बराच वेळ उभा राहिलो होतो आणि जहाजावर परतायला उशीर झाल्याबद्दल बोलणीही खाल्ली होती.

साखरवाला (खारघर) यांचा प्रतिसाद

मी ३१ वर्षे पश्चिम महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांत नोकरी केली आणि निवृत्तीनंतर मुलाकडे खारघरला राहायला आलो. त्यामुळे वरच्या प्रतिसादात एक भर घालणे मला आवश्यक वाटते. ‘क्रॉप ओव्हर’ म्हणजे आपल्या भाषेत ‘पट्टा पडला’. गळीत हंगाम संपतो, शेवटची गाडी रिकामी होते, कारखान्याचा भोंगा शेवटचा वाजतो आणि ऊसतोड करणारी बिऱ्हाडे बीडकडे परत निघतात, तो जो दिवस असतो, त्याच दिवसाचा हा उत्सव आहे.

फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे, की तिथे ऊस तोडणारी माणसे गुलाम होती. इंग्रज १६२७ मध्ये बार्बाडोसला वसाहतीसाठी आले, १६४० च्या दशकात तिथे उसाची लागवड वाढली आणि आफ्रिकेतून पकडून आणलेल्या माणसांच्या श्रमावर मळेवाले श्रीमंत झाले. तोडणी संपली की मळ्याचा मालक या माणसांना एक जेवण आणि नाचगाण्याची मुभा देत असे. न्यूटन नावाच्या मळ्याच्या व्यवस्थापकाने १७९८ मध्ये अशा जेवणाचा आणि नाचाचा उल्लेख केलेला आढळतो. त्याच मळ्यावर गुलामांची दफनभूमी आहे आणि तिथे सुमारे ५७० माणसे पुरलेली आहेत. तुमच्या भावाकडे गाडी असेल तर अर्धा तास काढून तिथे अवश्य जा.

शेवटचा ऊस फुलांनी सजवलेल्या गाडीतून यायचा, चरबी लावलेल्या खांबावर चढण्याची चुरस लागायची आणि सर्वांत शेवटी ‘मिस्टर हार्डिंग’ जाळला जायचा. उसाचे पाचट जुन्या काळ्या कोटात भरून, वर टोपी घालून केलेला हा पुतळा. काहींच्या मते तो क्रूर मुकादम, काहींच्या मते हंगाम संपल्यावर येणारी कडकी. माझ्या मते दोन्ही एकच. मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, पावसाळ्यात संपते तेव्हा माणसाला काय वाटते, हे मी फडावर पाहिले आहे.

आता त्या बेटावर साखरेचा एकच कारखाना, पोर्टव्हेल, उरला आहे. सर्वाधिक ऊस तोडणाऱ्या पुरुषाला आणि स्त्रीला उत्सवाचे राजा-राणी म्हणून मान देण्याची पद्धत अजून आहे. पण पिसांच्या झगमगाटात त्यांच्याकडे कॅमेरे किती वळतात, याची मला शंकाच आहे. पीक नाही आणि पिकाचा उत्सव आहे, असे हे झाले आहे.

ऐरोलीकर यांचा प्रतिसाद

साखरवाला यांच्या शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही. मूळ उत्सव १९४० च्या दशकातच बंद पडला होता. १९७४ मध्ये तो पुन्हा सुरू केला तो पर्यटन मंडळाने, उन्हाळ्यात पाहुणे कमी येतात म्हणून, आणि हे तिथे कोणी लपवत नाही. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल कल्चरल फाउंडेशनकडे पुढे त्याची व्यवस्था आली. जुन्या प्रथेला नवे प्रयोजन मिळणे यात उणे काय आहे? ठाण्याची पाडव्याची स्वागतयात्रा तरी आजच्या रूपात किती जुनी आहे?

शिवाय त्या उत्सवातला शेतमजुराचा आवाज गेलेला नाही, तो कॅलिप्सो या तिथल्या गाण्यांत आहे. ‘पिक-ओ-डे-क्रॉप’ या स्पर्धेत गायक सरकार, महागाई, पुढाऱ्यांची लफडी यांवर नवी गाणी रचून गातात आणि श्रोते शब्दाशब्दाला दाद देतात. ‘रेड प्लास्टिक बॅग’ अशा गमतीदार नावाने गाणाऱ्या कलावंताने हा मान अनेकदा मिळवला आहे. आईंना शाहिरी किंवा वगातली बतावणी आवडत असेल तर ही बैठक त्यांना आवडेल. बसायला खुर्ची असते आणि शेजारी बसलेला माणूस बोलीतला विनोद समजावून सांगतो. अर्थात ती ‘सोका’ची, म्हणजे कॅलिप्सोतून निघालेल्या जलद नाचाच्या संगीताची, स्पर्धा नाही ना, हे तिकीट काढताना पाहून घ्या. सोकामध्ये भोंगे परत आलेच.

विमान-आणि-छत्री (वाशी) यांचा प्रतिसाद

मी फक्त व्यवहाराचे सांगतो. मुंबईहून थेट विमान नाही. लंडनमार्गे किंवा अमेरिकेमार्गे जावे लागते आणि भारतीय पारपत्रावर नुसते विमान बदलण्यासाठीही अमेरिकेचा व्हिसा लागतो, तेव्हा तिकिटाआधी तो विषय संपवा. घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असल्यामुळे आईंचे पहिले दोन दिवस मोकळे ठेवा. जून ते नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा काळ असतो. २९ जून २०२४ रोजी ब्रिजटाउनच्या केन्सिंग्टन ओव्हलवर आपण विश्वचषक जिंकला आणि त्यानंतर बेरिल वादळामुळे आपला संघ तिथेच अडकून पडला होता, हे सर्वांना आठवत असेलच. म्हणून परतीचे तिकीट बदलता येईल असेच घ्या.

मुलीच्या कपड्यांत लष्करी छापाचे काही असेल तर ते घरीच ठेवा. सामान्य नागरिकाने, अगदी मुलांनीही, असे कपडे घालणे तिथे बेकायदेशीर आहे.

खाण्याबद्दल तुम्ही विचारले नाही, तरी सांगतो. ‘कू-कू’ म्हणजे मक्याच्या पिठाची भेंडी घालून घोटलेली उकड असते. ती सहसा उडत्या माशाच्या कालवणाबरोबर वाढतात. मासे चालत असतील तर शुक्रवारी संध्याकाळी ऑइस्टिन्सला जा. तिथे मासेमारीच्या बंदरावरच चुली पेटतात, पण उशिरा तिथेही संगीत वाढते, तेव्हा सातच्या आत जेवून निघा. शाकाहारी असाल तर रोटीची दुकाने सापडतात. सुरतेकडच्या व्यापाऱ्यांची वस्ती त्या बेटावर गेल्या शतकापासून आहे.

घोडबंदरकर यांचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री आईला हे सगळे वाचून दाखवले. माझे सासर कोल्हापूरकडचे, पण आईचे माहेर बीड जिल्ह्यातले आहे आणि तिचे दोन मामा तोडणीला जात असत, हे मला ठाऊक असूनही प्रश्न लिहिताना सुचले नव्हते. कडूमेंटच्या दिवशी आम्ही घरी राहू, कॅलिप्सोचे तिकीट काढायला भावाला सांगितले आहे आणि ज्युनिअर कडूमेंटसाठी मुलीने आतापासून दिवस मोजायला सुरुवात केली आहे.

साखरवाला यांना एक विचारायचे आहे. न्यूटनच्या दफनभूमीवर फुले वाहिलेली चालतात का, असे आई विचारते आहे.

साखरवाला (खारघर)

तिथला शिरस्ता तुमच्या भावाला विचारून घ्यायला सांगा. माझे विचाराल तर, हंगामाचे दिवस असते तर उसाचे एक वाढे, म्हणजे हिरवा शेंडा, न्या म्हटले असते.