पिंग चालतं, एनएसलुकअप चालतं, तरी ब्राउझरला एकही साइट सापडत नाही

रिकामी_खुर्ची:
घरातला डेस्कटॉप, सात वर्षांचा, विंडोज ११. गेला महिनाभर एकच रडगाणं. सकाळी चालू केला की वायफाय जोडलं जातं, पण कोपऱ्यात वायफायच्या खुणेऐवजी पृथ्वीगोल येतो आणि क्रोम 'डीएनएस प्रोब' असं काहीतरी पुटपुटत बसतं (डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधणं). त्याच वायफायवर फोन मस्त चालतो.

राउटर बंद-चालू केला, किती वेळा ते विचारू नका. फ्लशडीएनएस केलं, म्हणजे साठवलेले जुने पत्ते पुसले. ब्राउझर बदलला. वायफाय सोडून केबल लावली, तरी तेच. काल जरा हुशारी केली: कमांड प्रॉम्प्टमध्ये पिंग १.१.१.१ मारलं, म्हणजे त्या पत्त्याला 'आहेस का?' असं विचारलं, चारही उत्तरं आली. विकिपीडियाचं नाव देऊन पिंग मारलं तर होस्ट सापडेना. म्हणजे घोळ डीएनएसचा, इथवर मलाही कळलं. मग तेच नाव एनएसलुकअपला, म्हणजे नावाचा पत्ता शोधायच्या कमांडला, विचारलं, तर त्या पठ्ठ्याने झटक्यात आयपी पत्ता काढून दिला! एकाच मशीनवर, एकाच मिनिटात, एकाला नाव सापडतं आणि दुसऱ्याला नाही, हे कसं?

डीएनएस सर्व्हर, म्हणजे पत्ते सांगणारा, मीच हाताने टाकलाय, १.१.१.१ आणि १.०.०.१, एन्क्रिप्शनचा पर्याय चालू ठेवून. दोन वर्षं विनातक्रार चाललं.

गंमत म्हणून सांगते: आईचं म्हणणं, "आधी घड्याळ लावायचं, मग नेट येतं." सकाळी तारीख-वेळ चुकलेली असते, ती हाताने नीट करते आणि थोड्या वेळात नेट येतं. मी तिला समजावलं की ते उलट आहे, नेट नसतं म्हणून घड्याळ चुकतं. तिला पटलेलं नाही.

टाकाटाकी:
८.८.८.८ टाका, विषय संपला.

रिकामी_खुर्ची:
टाकून झालं. एन्क्रिप्शन तसंच ठेवलं होतं. विषय संपला नाही.

जुनाट_मदरबोर्ड:
ताई, आधी आईंची माफी मागा. तुम्ही गंमत म्हणून लिहिलेल्या ओळीतच उत्तर आहे.

एनएसलुकअप हा वेगळ्या वाटेने जाणारा गडी. तो विंडोजने साठवलेले पत्ते (कॅश) बघत नाही, मशीनवरची नाव-पत्त्यांची यादी (होस्ट्स फाइल) बघत नाही, थेट सर्व्हरला डीएनएसच्या ठरलेल्या दारावर, पोर्ट ५३ वर, साधा, उघडा प्रश्न पाठवतो. पिंग मात्र नाव शोधायचं काम विंडोजवर सोपवतं, तुमचा ब्राउझरही तेच करतोय. आणि तुम्ही विंडोजला बजावून ठेवलंय की प्रश्न एन्क्रिप्ट करूनच पाठव. एन्क्रिप्ट म्हणजे इथे एचटीटीपीएस, म्हणजे सर्टिफिकेट, सर्व्हरचं डिजिटल ओळखपत्र, आलं. सर्टिफिकेटवर अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत ग्राह्य असं लिहिलेलं असतं. मशीनचं घड्याळ काही वर्षं मागे असेल, तर त्याच्या लेखी ते सर्टिफिकेट अजून जन्मालाच यायचंय. मग जोडणी नाकारली जाते, आणि साध्या डीएनएसवर उतरायची परवानगी दिलेली नसली की सगळं तिथेच अडतं.

एरवी घड्याळ चुकलं की ब्राउझर स्वतःच ओरडतो. तुमच्याकडे गाडी त्याआधीच, नाव शोधतानाच अडकते, म्हणून तो इशारा तुम्हाला कधी दिसलाच नाही. बरं, घड्याळ आपणहून सुधारेल म्हणावं, तर वेळ विचारायला टाइम.विंडोज.कॉम हे नाव आधी सापडायला हवं. किल्ली कपाटात आणि कपाटाला कुलूप.

रात्री प्लगच्या बोर्डाचं बटण बंद करता का? प्लगमध्ये वीज असेपर्यंत पीसी बंद असला तरी घड्याळाला तिथून वीज मिळत राहते. ती तोडली की मदरबोर्डवरच्या गोल सेलवर भार येतो, आणि सात वर्षांत तो संपलेला असणार.

उद्या सकाळी घड्याळाला हात लावू नका. तारीख बघा, मग फक्त एन्क्रिप्शन बंद करा आणि काय होतं ते कळवा.

रिकामी_खुर्ची:
तारीख १ जानेवारी २०१८! एन्क्रिप्शन बंद केल्याबरोबर क्रोमचा सूर बदलला: 'तुमचं घड्याळ मागे आहे.' महिनाभर हेच एक वाक्य दिसलं असतं तर इतके हेलपाटे वाचले असते.

आणि हो, महिन्यापूर्वीच नवीन एक्स्टेंशन बोर्ड आणला. त्याला बटण आहे, ते मीच रोज रात्री बंद करते. जुन्याला बटणच नव्हतं.

जुनाट_मदरबोर्ड:
मग सेल बदला. बहुतेक सीआर२०३२ असेल, जुन्यावर कोरलेलं असतं ते बघूनच घ्या. प्लग काढून ठेवा, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून मगच आत शिरा. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) चालू असेल तर रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून ठेवा. बायॉसची (मदरबोर्डमधल्या मूळ प्रोग्रामची) सेटिंग्ज हलली की ते की मागू शकतं, आणि तेव्हा ती शोधत फिरणं म्हणजे दुसरा धागा उघडणं.

टाकाटाकी:
एवढं कशाला? साध्या डीएनएसवर उतरायची परवानगी दिली की झालं.

जुनाट_मदरबोर्ड:
नाव सापडेल, पण साइटचं सर्टिफिकेटही त्याच चुकीच्या तारखेला तपासलं जाणार. आत्ता ताईंना क्रोमने तेच तर दाखवलं.

रिकामी_खुर्ची:
बदलला. मल्टिमीटरवर जुना १.९ व्होल्ट, नवा ३.२. बायॉसमध्ये तारीख भरली, एन्क्रिप्शन परत चालू केलं. तीन सकाळी झाल्या, बटण रोज बंद करूनही नेट पहिल्या झटक्यात. आईला सगळं समजावून सांगितलं. "मग मी काय वेगळं म्हणत होते?"

अर्धीफाइल:
इथेच विचारतो. माझं घड्याळ बरोबर आहे. पिंग आकड्याला चालतं, नावाला नाही. पण माझ्याकडे एनएसलुकअपही नुसतं टाइमआउट म्हणतं. पंधरा दिवसांपूर्वी एक व्हीपीएन (नेट दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारं ॲप) काढून टाकलंय, त्याचा संबंध असेल का?

जुनाट_मदरबोर्ड:
दाट शक्यता. आयपीकॉन्फिग ऑल करून डीएनएस सर्व्हर्सची ओळ वाचा. १२७.०.०.१ दिसलं तर मशीन स्वतःलाच पत्ता विचारतंय, आणि उत्तर देणारा तुम्ही काढून टाकलाय. आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ (पत्त्यांच्या जुन्या आणि नव्या पद्धती) दोन्हीकडे डीएनएस ऑटोमॅटिकवर आणा. लोक पहिलं बदलतात आणि दुसरं विसरतात.

अर्धीफाइल:
१२७.०.०.१ च होतं. चाललं.