शेगडीची गोष्ट, आणि बाकी तयारी

थंडीत रात्री खोलीत शेगडी ठेवली की झालं, असं कुणी कुणी म्हणतं. तेवढं मात्र करू नका. दार लावून निखारे ठेवले की कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. आम्ही अंगणातच शेकतो.

२९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशांवर होता, तेव्हा आमच्या टिनाच्या घरात रात्रभर दात वाजले. तेव्हापासून दिवाळी झाली की पत्र्याखालची फट बारदान्यानं बुजवतो. दोन गोधड्या असतील तर एक खाली अंथरा, सारवलेली भुई फार गारठते. शेळ्यांच्या पिलांखाली कोरडं कुटार, म्हणजे भुसा, टाका. आणि जळणाच्या पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, आधीच आडोशाला रचा. आमच्या एकदा जानेवारीच्या पावसात भिजल्या, मग नुसता धूर!