मदत हवी आहे : कंपनीचं बौद्धिक भांडवल मोजायचं कसं?

पुण्यातल्या ७० जणांच्या सॉफ्टवेअर कंपनीत मी हिशेब पाहते. आमचं बौद्धिक भांडवल (म्हणजे लोकांचं ज्ञान, कामाच्या पद्धती, ग्राहकांशी असलेलं नातं) वाढतंय की घटतंय, यावर संचालकांना टिपण द्यायचं आहे. ते फक्त अंतर्गत वापरासाठी आहे. ताळेबंदात काही दाखवायचं नाही, एएस २६ या भारतीय लेखामानकामुळे कंपनीत आपोआप घडलेली ख्याती (गुडविल) किंवा ग्राहकयादी तिथे दाखवताही येत नाही. कंपनी शेअर बाजारात नाही, त्यामुळे बाजारमूल्य आणि पुस्तकी मूल्य यांतला फरक घेण्याचा मार्ग बंद. पेटंट एकही नाही.

आधी पुलिक यांची व्हीएआयसी पद्धत तीन वर्षांच्या आकड्यांवर लावली. ती हिशेबाच्या आकड्यांवरून बौद्धिक भांडवलाची कार्यक्षमता काढते. गेल्या वर्षी चार जुने, जाणते लोक सोडून गेले. पगारखर्च उतरला, जुन्या करारांचं उत्पन्न मात्र चालू राहिलं, आणि मानवी भांडवलाची कार्यक्षमता (पगाराच्या दर रुपयामागे मूल्यवृद्धी) चक्क वाढलेली दिसली! ज्ञान बाहेर गेलं आणि आकडा वर. असा आकडा संचालकांपुढे ठेवायला माझं मन धजत नाही.

मग पुढच्या पगारांवरून माणसांचं आजचं मूल्य काढणारी लेव्ह-श्वार्ट्झ पद्धत पाहिली. इन्फोसिसने ती वार्षिक अहवालांत वापरली होती. पण ती निवृत्तीपर्यंतचे पगार धरते, आमच्याकडे माणसं तीन-चार वर्षंच टिकतात.

स्कँडिया या स्वीडिश विमा कंपनीने १९९४ मध्ये केलं तसं पैशांऐवजी निर्देशकांचं कोष्टक करावं, असं आता वाटतंय. वेगळं बजेट नाही. पगारपत्रक, टाइमशीट आणि ग्राहकांच्या तक्रारनोंदी एवढंच हाताशी आहे. एवढ्यावरून, माणूस गेल्यावरही कंपनीत उरलेलं ज्ञान दाखवणारे कोणते निर्देशक तुम्ही प्रत्यक्ष वापरलेत?